बिटकॉइनचं वॉलेट घरीच दळलं, त्याची गोष्ट

मावसभावाचे चौदा हजार गेले तिथून हे सगळं सुरू झालं. तो गंगाखेडला असतो, मी सेलूला. मोबाइल, क्रिप्टो असलं काही विचारायचं असलं की तो मलाच फोन करतो, कारण माझं सेवा केंद्र आहे, म्हणजे घरच्यांच्या हिशोबानं मला कंप्युटरमधलं सगळं कळतं. सातबारा काढणं, पीक विमा भरणं आणि २०२५ मध्ये फार्मर आयडीची गर्दी, एवढंच कळतं खरं तर, पण ते राहू द्या.

झालं असं की त्याला टेलिग्रामवर कुणीतरी लिंक पाठवली, वॉलेटचं, म्हणजे बिटकॉइन सांभाळायच्या ॲपचं, नवीन व्हर्जन आलंय म्हणून. ह्यानं डाउनलोड केलं, चालू केलं, त्यानं वॉलेटची चावी असलेले जुने बारा शब्द मागितले, ह्यानं वहीत बघून टाकले. अर्ध्या तासात वॉलेट रिकामं. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन झाला, तक्रार झाली, पण पैसे गेले ते गेले. वरून आपल्याकडं नियम असा की एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोत नफा झाला तर तीस टक्के टॅक्स, जुलैपासून विकताना एक टक्का टीडीएस, आणि तोटा झाला तर तो कशातूनच वजा होत नाही. भाऊ नुसतं एकच म्हणायला, "दादा, दिसायला तर सेमच होतं रे. लोगो सेम, कलर सेम."

माय बाजूला बसून ज्वारी निवडायली होती. ती म्हणली, दुकानातलं पीठ पण दिसायला पीठच असतं की. आमची माय आजही पाकिटातलं पीठ घरात येऊ देत नाही, ज्वारी स्वतः निवडणार, मला गिरणीवर पाठवणार, आणि वर सांगणार की डबा ठेवून येऊ नको, तिथंच उभं राहा, नाहीतर तो दुसऱ्याचं मिसळतो.

तर ते डोक्यात बसलं माझ्या. बिटकॉइन कोअर म्हणजे बिटकॉइनचं मूळ सॉफ्टवेअर, वॉलेट त्यातच असतं. त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर, उघडा पडलाय, कुणीही घ्या, मग त्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवायचं, म्हणजे कंपाइल करायचं, आपलं दळण आपणच उभं राहून का दळू नये. प्रोग्रामर मी नाही, कॉलेजात सी शिकलो तेवढंच, ते पण परीक्षेपुरतं.

मशीन म्हणजे केंद्रातलाच जुना डेस्कटॉप, आय-थ्री, चार जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी मी नंतर टाकलेली. त्यावर लिनक्स मिंट २० होतं, कारण विंडोज त्यावर रडायचं. रात्री शटर अर्धं ओढून बसलो आणि यूट्यूबवर एक हिंदी व्हिडिओ लावला, तो भाऊ म्हणतो पहिले ऑटोजेन चालवा, मग कॉन्फिगर, मग मेक, बस हो गया. मी टाकलं तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, म्हणतं अशी फाइलच नाही. स्पेलिंग चार वेळा बघितलं. तासभर गेला तेव्हा कळलं की व्हिडिओ जुना आहे, व्हर्जन २९ पासून, म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये आलेलं, त्यांनी ती पद्धतच काढून टाकली आणि सीमेक नावाचं दुसरं साधन आणलं. म्हणजे व्हिडिओ खोटा नव्हता, शिळा होता. ह्या कामात शिळा व्हिडिओ खोट्यापेक्षा जास्त त्रास देतो हे माझं मत आहे, कारण त्यातलं निम्मं बरोबर असतं.

बरं, सीमेक टाकलं तर ते म्हणतं मला ३.२२ किंवा वरचं पाहिजे, तुमच्याकडं ३.१६.३ आहे. आणि नुसतं सीमेक नाही, आतला कोड आता सी प्लस प्लस २० मध्ये आहे, त्याला जीसीसी नावाचा कंपायलर (कोडचा प्रोग्राम बनवणारं जातंच म्हणा) ११ किंवा वरचा लागतो, मिंट २० मध्ये ९ होता. मिंट २० चा सपोर्ट पण त्याच एप्रिलमध्ये संपलेला. जुगाड करून नुसतं नवीन कंपायलर बसवता आलं असतं म्हणतात, पण मी म्हणलं जात्याचा दगडच झिजलाय तर टाकी लावण्यापेक्षा जातंच बदलू. मिंट २२ नव्यानं टाकलं. त्यात एक रविवार गेला, आणि केंद्राचा प्रिंटर नव्या सिस्टीमवर चालेना म्हणून सोमवारची सकाळ पण गेली, बाहेर लोक उभे, एक आबा खिडकीतून विचारायलेत, "लेका, उताऱ्याला एवढा टाइम का लागायला आज?" काय सांगणार.

मग सोर्स कोड आणायचा. नेमकं त्याच आठवड्यात रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबरची केबल तोडली, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट. गिट हे कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास ठेवायचं साधन, आणि त्याचं क्लोन म्हणजे अख्खी प्रत उतरवणं. गिट क्लोन लावलं, ६१ टक्क्यांवर नेट तुटलं. परत लावलं तर ते शून्यापासून! मला वाटलं होतं डाउनलोडसारखं उरलेलं घेईल, पण गिट क्लोन मधूनच उचलत नाही, तुटलं की सगळं नव्यानं. दुसऱ्यांदा ४० वर तुटलं. त्या दिवसाचा डेटा संपला. मग वाचलं की २००९ पासूनचा सगळा इतिहास ओढायची गरजच नाही, डेप्थ वन टाकायचं आणि ब्रँचच्या जागी त्या व्हर्जनचा टॅग (त्यावर लावलेली नावाची चिठ्ठी) द्यायचा, की फक्त आजचा कोड येतो. चहा गार व्हायच्या आत आलं.

आता इथं एक गोष्ट बरेच जण सोडून देतात, आणि मी पण सोडणार होतो. कोड आला पण तो त्यांचाच कशावरून? ज्वारी निवडल्याशिवाय दळायला टाकल्यासारखं झालं ते, खडे असले तर खड्यांचंच पीठ. त्यासाठी प्रत्येक व्हर्जनच्या टॅगवर कोड सांभाळणाऱ्यांपैकी एकाची डिजिटल सही असते आणि गिटला सांगितलं की तो सही तपासतो. मी तपासायला सांगितलं तर म्हणतो सही करणाऱ्याची चावीच नाही माझ्याकडं, कशाशी ताडू. चावी आणली. मग म्हणतो गुड सिग्नेचर, आणि लगेच खाली वॉर्निंग की ह्या चावीवर भरवसा ठेवायचा कोणताही पुरावा नाही! अरे मग गुड कशाला म्हणलास.

ते पण नंतर कळलं. सही त्या चावीनंच झालीय एवढं तो छातीठोक सांगतो, पण चावी खरंच त्या माणसाची आहे का हे त्याला कसं माहीत असणार, ते आपण बघायचं. म्हणून चावीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख सांगणारी अक्षरं, दोन वेगवेगळ्या ठिकाणांवरून मोबाइलवर काढला आणि केंद्रात कामाला असलेल्या पोराला समोर बसवलं. चाळीस अक्षरं असतात, चार-चारचे दहा घास. तो मोबाइलवरून वाचायला, मी स्क्रीनवर बोट ठेवून बघायलो. "ई, सात, सात, सात." हां. "दोन, नऊ, नऊ..." थांब, परत सांग. सहाव्या घासाला चुकलं, माझ्या अंगावर काटा आला, मग कळलं पोरानं बी ला आठ वाचलं होतं, मोबाइलची काच फुटलेली आहे त्याची. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. जमलं. पोरगं म्हणतं, "सर, हे लॉटरीचं आहे का?"

मग लायब्रऱ्या, म्हणजे ह्या प्रोग्रामला लागणारे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे. बूस्ट नाही म्हणलं, टाकलं. लिबइव्हेंट नाही म्हणलं, टाकलं. वॉलेटसाठी एसक्यूलाइट, खिडकीवाला प्रोग्राम पाहिजे असेल तर क्यूटी, आणि तो वेगळा चालू करायला सांगावा लागतो, नाहीतर तुम्हाला नुसते काळ्या स्क्रीनवरचे प्रोग्राम मिळतात. प्रत्येक वेळी एक एरर, एक इन्स्टॉल, परत चालव. दोनदा असं झालं की लायब्ररी टाकूनही तो नाहीच म्हणायला, कारण आधीचा शोध त्यानं बिल्ड नावाच्या फोल्डरात लिहून ठेवला होता. ते फोल्डर अख्खं उडवलं की सरळ झाला. गिरणीवर हरभऱ्याच्या मागं ज्वारी टाकली की भाकरीला डाळीचा वास येतो, तसंच ते, आधीचं पीठ झटकून घ्यायचं. शेवटी त्यानं लांबलचक यादी दिली, हे ऑन, ते ऑफ. वॉलेट ऑन आणि जीयूआय (तोच खिडकीवाला प्रोग्राम) ऑन हे दोन बघितले आणि खुर्चीवरून उठून एक चक्कर मारून आलो, एवढा आनंद.

आणि मग मी हाव केली. प्रोसेसर चार धाग्यांचा आहे म्हणून कंपाइल करायला एका वेळी चार कामं लावली. चालला की भुर्रर्र, टक्के वाढायलेत, मी मायला फोन करून सांगितलं आज लवकर येतो. ३८ टक्क्यांवर मशीन अडकलं, माउस हलेना, दोन-तीन मिनिटं सगळं दगडासारखं, आणि मग एक ओळ आली: किल्ड, सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम, सीसीवनप्लस. मला वाटलं कोडमध्येच काहीतरी फुटलंय. तसं नव्हतं. सीसीवनप्लस म्हणजे कंपायलरचा खरा राबणारा गडी, आणि असे चार गडी एकदम बसवले, प्रत्येकाला एखादा जीबी लागतो (बिटकॉइन कोअरच्याच कागदात लिहिलंय की कंपाइल करताना निदान दीड जीबी मेमरी असावी), वर मिंट स्वतः, वर मी उघडून ठेवलेला ब्राउझर. रॅम संपली की लिनक्स सगळ्यात जास्त खाणाऱ्याला गोळी घालतं. सिस्टीमच्या लॉगमध्ये सरळ लिहिलेलं होतं, आउट ऑफ मेमरी, अमुक प्रोसेसला मारलं. कोडची काही चूक नाही, माझ्या घाईची.

मग ब्राउझर बंद केला, चार जीबीची आणखी एक स्वॅप फाइल (रॅम कमी पडली तर डिस्कवरची उसनी जागा) बनवली, आणि दोनच कामं लावली. ज्यांची रॅम ह्याहून कमी आहे त्यांच्यासाठी कंपायलरला काटकसरीनं वाग असं सांगायचे दोन पॅरामीटर पण त्या कागदात दिलेत, मला लागले नाहीत. उन्हाळ्याचे दिवस, रात्रीचे दहा वाजले तरी भिंती तापलेल्या, दुपारी आमच्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस असतं तेव्हा. कॅबिनेटचं झाकण काढलं, आतल्या पंख्यात अख्ख्या तालुक्याची धूळ होती ती ब्लोअरनं उडवली आणि टेबल फॅन त्याच्याकडं तोंड करून लावला. मी घामात, मशीन हवेत.

७२ टक्क्यांवर लाइट गेली. इन्व्हर्टर आहे, पण बॅटरी पाच वर्षांची, तिनं दहा मिनिटं काढली आणि मशीन पटकन बंद. त्या वेळी मला वाईट वाटलं नाही, कारण वाचलं होतं की झालेलं काम वाया जात नाही, परत लावलं की उरलेलं तेवढंच करतो. खरंच तसंच झालं, सकाळी लावलं तर ७० च्या पुढून सुरू. पण शेवटी सगळं जोडायची वेळ आली तेव्हा लिंकर म्हणतो, अमुक फाइल ओळखू येईना, फॉरमॅट कळत नाही. परत लावलं, तेच. तिसऱ्यांदा पण तेच. ह्याच्यावर माझा अख्खा दिवस गेला, आणि हे कुठंही नीट लिहिलेलं सापडलं नाही म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो. लाइट गेली त्या क्षणी ज्या फाइली नुकत्याच लिहिल्या होत्या त्यांचं नाव डिस्कवर गेलं होतं पण आतला माल गेलाच नव्हता, मेमरीतच राहिला आणि लाइटीबरोबर उडाला. म्हणजे फाइल आहे, तारीख आहे, साइझ शून्य. आणि बिल्ड करणारा फक्त तारीख बघतो, तारीख ताजी आहे ना, मग झालेलं काम आहे, पुढं चला. पोतं शिवलेलं, थप्पीला लावलेलं, आणि आत दाणाच नाही. शेवटी फाइंड कमांडनं बिल्ड फोल्डरातल्या शून्य साइझच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) शोधल्या, तीन निघाल्या, तीन! त्या उडवल्या, परत लावलं, आणि वीस मिनिटांत शंभर टक्के.

नंतर टेस्ट चालवल्या, शंभरच्या वर आहेत, सगळ्या पास. तयार प्रोग्राम आधी सोर्सच्या फोल्डरात शोधत बसलो कारण तो हिंदी व्हिडिओ, पण २९ पासून ते बिल्डच्या आत बिन फोल्डरात ठेवतात.

आता सगळ्यात मोठा घाबरा झालो तो इथं. मला वाटलं आपण दळलेलं आणि त्यांच्या साइटवरचं तयार एकच असणार, म्हणून दोन्हींचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा, काढला. काहीच जुळेना. एक अक्षर नाही. म्हणलं एवढं करून भेसळच दळली का काय. रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी वाचून कळलं की एकाच ज्वारीचं दोन गिरण्यांवरचं पीठ सारखं निघत नाही, माझा कंपायलर वेगळा, लायब्रऱ्यांची व्हर्जनं वेगळी, फोल्डरचं नाव वेगळं, मग हॅश कुठून जुळणार. त्यांनी त्यासाठी ग्विक्स नावाची सोय केलीय, व्हर्जन २२ पासून म्हणजे २०२१ पासून, त्यात कंपायलरपासून सगळं बांधून दिलेलं असतं, आणि वेगवेगळ्या देशांत बसलेले लोक आपापल्या मशीनवर तेच दळतात आणि सगळ्यांचं बिट टू बिट सारखं निघालं तरच सह्या करतात. खरं सांगायचं तर ज्याला एवढा उपद्व्याप नकोय त्यानं त्यांच्या साइटवरून तयार घ्यावं, हॅशची फाइल आणि तिच्यावरच्या सह्या तपासाव्यात, तेवढं बास आहे. मावसभावानं तेवढं केलं असतं तरी चौदा हजार वाचले असते. ग्विक्स ह्या चार जीबीवर करायची माझी हिंमत झाली नाही.

चालू करून आधी रेगटेस्टवर खेळलो, म्हणजे आपल्याच मशीनवरचं खोटं नेटवर्क, नेट लागत नाही, पैसे लागत नाहीत. स्वतःच ब्लॉक, म्हणजे बिटकॉइनच्या हिशोबाच्या वहीचं एकेक पान, काढायचे. पहिला ब्लॉक काढला, पन्नास बिटकॉइन बक्षीस, पण खर्च करता येईना, कारण काढलेलं बक्षीस शंभर ब्लॉक मुरावं लागतं. १०१ ब्लॉक काढले तेव्हा खात्यात पन्नास, आणि मुरणारे पाच हजार. पोरानं स्क्रीन बघितली. दुपारपर्यंत शेजारच्या झेरॉक्सवाल्याला कळलेलं होतं की माझ्याकडं पाच हजार बिटकॉइन आहेत, आणि तो चहा घेऊन आला. चहा मी पिला, मग सांगितलं.

एक गोष्ट मला खटकली, ती पण लिहितो. नवीन वॉलेट बनवलं, पेन-वही घेऊन बसलो बारा शब्द लिहायला, आणि ते आलेच नाहीत. बिटकॉइन कोअर बारा शब्द देतच नाही, वॉलेटची फाइल हाच बॅकअप, तिला पासवर्ड लावायचा आणि दोन-तीन ठिकाणी ठेवायची. मला शब्द बरे वाटतात, माय पण कुठंतरी डब्यात जपून ठेवू शकली असती. फाइलचं तसं नाही, पेनड्राइव्ह कधी मरेल सांगता येत नाही.

फायबर जोडलं गेलं तेव्हा खऱ्या नेटवर्कला लावलं. १२० जीबीत अख्खी चेन, म्हणजे पहिल्यापासूनच्या सगळ्या ब्लॉकची साखळी, मावत नाही, ती सहाशे जीबीच्या वर आहे, म्हणून प्रून केलं, पण प्रून म्हणजे कमी डाउनलोड नाही बरं का, डाउनलोड सगळंच होतं, प्रत्येक ब्लॉक तपासतो आणि जुने पुसत जातो. मोबाइल डेटावर हे करायला जाऊ नका. पहिल्यांदा खाली लिहून आलं, सोळा वर्षं आणि काही आठवडे मागं, कारण पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा. पहिली वर्षं झपाझप गेली, ब्लॉक जवळजवळ रिकामेच होते तेव्हा, पुढं पुढं जड होत गेलं, आठवडा झाला तरी अजून दोन वर्षं मागंच आहे.

परवा मावसभाऊ आला. बघितलं, खूश झाला आणि खिशातून पेनड्राइव्ह काढून म्हणतो, "दादा, तू बनवलंयस ना, मग मला ह्याच्यात दे की टाकून." मी म्हणलं मी देणार नाही. तो रुसला. म्हणला, तू काय मला फसवणार आहेस का. मी म्हणलं नाही, पण टेलिग्रामवाल्यानं पण असंच दिलं होतं. मग दुसरी खुर्ची ओढली, त्याच्या लॅपटॉपवर मिंट २२ टाकून घेतलं, आणि म्हणलं टाइप कर, मी नुसता उभा राहतो. गिट क्लोन त्यानं स्वतः मारलं. मी गिऱ्हाईक बघायला गेलो, परत आलो तर ४३ टक्क्यांवर लाइट गेलेली, राउटर बंद, आणि हा पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेला.

"डेप्थ वन टाकलं होतंस का?"

"ते काय असतं?"